मागून घेतलेलं

"बसा ना," टेबलापलीकडच्या बाई म्हणाल्या, आणि शायनाला वाटलं, आपल्या मागं कुणीतरी उभं असेल, त्याला म्हणत असतील. तिनं वळून पाहिलं. मागं खुर्च्यांच्या रांगा होत्या, त्यांत कारखान्यातल्या बायका डोक्यावर पदर घेऊन एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, आणि अगदी शेवटी, दाराशी, ठेकेदाराचा माणूस मांडीवर हेल्मेट ठेवून बसला होता. मधे कुणीच उभं नव्हतं. दौंडातलं ते मंगल कार्यालय. भिंतीवर कुणाच्या तरी लग्नातली थर्माकोलची अक्षरं अर्धीच उपटलेली, फरशीच्या सांध्यांत अक्षता अडकलेल्या. कंत्राटी कामगार बायकांचं म्हणणं ऐकायला सरकारनं नेमलेली समिती मुंबईहून आली होती, दोन पुरुष आणि या बाई, आणि बाईंच्या समोर एक रिकामी खुर्ची ठेवलेली होती, ती शायनासाठीच होती. ती बसली. कुरकुंभच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायच्या लायनीवर ती इतकी वर्षं उभी राहिली होती आणि 'बसा' हा शब्द तिथं कुणी म्हटलेला तिला आठवेना. चला, उचला, हात चालवा, बोलू नका, हे सगळे शब्द आठवत होते. हा एवढासा शब्द ऐकून आपण रडू की काय, अशी तिला भीती वाटली. बसमध्ये घोकत आणलेली वाक्यं त्या भीतीत कुठल्या कुठं गेली.

"पाणी घ्या," बाई म्हणाल्या. शायनानं ग्लास घेतला. वेळ मिळाला म्हणून ती हळूहळू पाणी प्यायली. पाण्याला औषधाचा वास येत होता, की तो आपल्या बोटांचाच, हे तिला कळेना. तो वास आता जातच नसे. पोरं म्हणायची, अम्मीच्या हातची भाकरी गोळीसारखी लागते. बोलायचं होतं पूनमबद्दल. पूनम स्वतः आली नव्हती. "तुमीच बोला ताई," ती आदल्या दिवशी म्हणाली होती, "मला नुस्तं रडूच येतंय. आन् आमचं हे म्हनत्यात, गप ऱ्हा, न्हाईतर आत्ताच काढतील." पूनम कुरकुंभजवळच्या वाडीवरची, धनगराच्या घरातली सून. तिचा सासरा अजून मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत गेल्याच्या गोष्टी सांगायचा, पण घरात आता ऊस होता आणि भावकीत वाटून घेतलेली विहीर. लायनीवर ती शायनाच्या शेजारी उभी राहायची. बडबडी पोर, मशीनच्या आवाजातही तिचं चालूच असायचं, तोंडावर मास्क असला तरी डोळ्यांनी बोलायची. मग एकाएकी गप्प झाली. खोकी उचलताना श्वास रोखून धरायला लागली. अ‍ॅप्रन सैल बांधायला लागली. आणि एका दुपारी डबा खाताना म्हणाली, "साहेबांना कळलं. राजीनामा लिवून दे म्हनत्यात. बाळातपण झालं की ये, तवा जागा असली तर घिऊ."

"मग दे लिहून," शायना तेव्हा म्हणाली होती. भाकरीचा तुकडा मोडत, साधेपणानं म्हणाली होती, कारण तसंच असतं असं तिला वाटत होतं. तिच्या थोरल्या मुलीच्या वेळी तिनंही तेच केलं होतं. दुसऱ्या एका युनिटमध्ये होती तेव्हा. पोट दिसायला लागलं तशी ती आपणहूनच कामावर जायची थांबली, कुणाला काही विचारलंही नाही. पाऊस आला की छत्री घ्यायची, पोट आलं की काम सोडायचं. परत गेली ती नवीन म्हणून गेली, पहिल्या दिवशीसारखी गेटवर उभी राहिली, आणि कुणीतरी आत घेतलं याचंच तिला अप्रूप वाटलं होतं. पूनमनं मान हलवली. पण डब्यातलं कालवण तसंच ठेवलं.

त्या संध्याकाळी घरी लसूण सोलताना ती हे सहज बोलून गेली. सहजच, बोलायला काहीतरी हवं म्हणून. नवरा अफताब गॅरेजवरून यायचा होता. दाराशी खाटेवर त्याची आजी, बिबीजान, बसली होती. सगळी गल्ली तिला दादी म्हणायची. नव्वदीला टेकलेली, डोळ्यांत ढग उतरलेले. पण कान असे की यार्डातून नुसती शिटी आली तरी गाडी सोलापूरकडं चाललीय की मनमाडकडं ते सांगायची. शायना म्हणाली, लायनीतल्या एका पोरीला काम सोडावं लागतंय, दिवस गेलेत. मग खाटेवरून आवाज आला, आणि तो मराठीत आला. घरात सगळे दखनी बोलायचे. दादी मराठीत गेली म्हणजे तिच्या मनात सोलापूरची गिरणी आलेली असायची. गिरणीचं काहीही ती मराठीतच बोलायची.

"काम का सोडायचं? ते तर आम्ही मागून घेतलं व्हतं."

"काय मागून घेतलं होतं दादी?"

"बाळातपणाची सुट्टी. मागून घेतली व्हती आम्ही. परत कुणी काढून घेतली?"

शायनाच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. आता खुर्चीवर बसून, ग्लास हातात धरून, तिला त्या क्षणाचं सगळं आठवत होतं. लसणाचं साल नखात अडकलेलं, बाहेर कुणाची तरी सायकल पडल्याचा आवाज, आणि दादीच्या तोंडावरचा तो भाव, राग नव्हे, नवल. घरात ठेवलेली वस्तू जागेवर नाही म्हटल्यावर येतं तसं. शायना लग्न होऊन आल्यापासून दादीनं सोलापूरच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या. भोंगा, सुताची धूळ, नायकीण, म्हणजे खात्यावरची मुकादम बाई, हातावर कांडी कशी मारायची, चादरींचे रंग. ही गोष्ट मात्र कधी सांगितली नव्हती. ती तिनं त्या आठवड्यात थोडी थोडी सांगितली, एका संध्याकाळी एवढी, दुसऱ्या संध्याकाळी तेवढी, मधेच थांबून, मधेच झोपून जाऊन. आणि शायनानं ती ऐकली तशी नव्हे, तर आपल्याच बाबतीत घडल्यासारखी साठवली.

दादी तेव्हा पोरच होती. नवरा मागावर, ती वाइंडिंगमध्ये, म्हणजे सूत रिळांवर गुंडाळायच्या खात्यात. पहिलं मूल पोटात. घरी राहिलं की जागा गेली, म्हणून शेवटपर्यंत जात राहिली. तिच्या शेजारच्या मशीनवर साखरबाई नावाची बाई होती, बार्शीकडची, विधवा, उंच, आवाज पुरुषासारखा. एका सकाळी दादीच्या कमरेत कळ आली ती थांबेचना. साखरबाईनं तिला सुताच्या गठाणींमागं नेलं, दुसऱ्या दोघींना आडोसा धरायला लावलं, आणि मशीनं चालू असतानाच तिथं बाळ झालं. मुलगा. "रडला न्हाई," दादी म्हणाली, "रडला असंल, तरी मशीनच्या आवाजात ऐकूच आला न्हाई." त्याची छठीही झाली नाही, सहाव्या दिवसाआधीच गेला. धूळ नाकातोंडात गेली असेल, थंडी लागली असेल, की काय झालं, कुणी डॉक्टर आला नाही, कुणी सांगितलं नाही. त्याला दफन करून नवरा आला आणि म्हणाला, उद्या तू गेली नाहीस तर नायकीण दुसरी बाई लावणार आहे. पण नायकिणीनं लावली नाही, कारण तेवढे दिवस साखरबाई दोन्ही मशीनं सांभाळत होती. इकडून तिकडं पळत. कुणी विचारलं तर म्हणायची, बिबीजान हाय की, पानी प्यायला गेलीया.

"मी परत गेले," दादी म्हणाली होती, "तवा तिच्या पायाला सूज हुती. माझ्या पायाला न्हवती. तिच्या पायाला."

आणि मग कधीतरी, पुढच्याच उन्हाळ्यात, चौकशीला साहेब आले. कोण, कुठले, हे दादीला कधीच कळलं नाही. एक गोरा होता, दोन आपल्यातले होते, एक लिहून घेणारा होता. युनियनच्या माणसांनी बायकांना घेऊन जायचं ठरवलं, आणि बोलायचं होतं बिबीजाननं, कारण मूल तिचं गेलं होतं. तिला नीट शिकवलं होतं काय सांगायचं ते. दोन वेण्या घालून, धुतलेलं लुगडं नेसून ती गेली. साहेबानं विचारलं, दुभाष्यानं ते मराठीत सांगितलं, आणि बिबीजानच्या तोंडून शब्द आला नाही. जीभ टाळ्याला चिकटली. पुन्हा विचारलं. नाही आला. कुणीतरी हसलं. तेव्हा मागून साखरबाई उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती येऊन बिबीजानच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "हिला इचारू नका. हिचं समदं बोलणं त्या गठाणींमागं ऱ्हायलं. मला इचारा, मी तिथं व्हते." आणि तिनं सगळं सांगितलं, आडोसा कसा धरला तेसुद्धा. पुरुषमाणसांपुढं, तसल्या गोष्टी. हसणारे गप्प झाले. साहेबानं विचारलं, मग तुमचं मागणं काय? ती म्हणाली, बाईला घरी जाऊ द्या आणि तिची जागा तिच्या नावानं राहू द्या, दुसरं काही नको.

पुढं कायदा आला. किती जणींनी, कुठंकुठं, किती वर्षं मागितला म्हणून आला, ते दादीला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा ती घरी बसली, भर उन्हाळ्यात घोंगडीवर पडून राहिली, मूल अंगावर पाजलं, आणि परत गेली तेव्हा तिचं मशीन तिचंच होतं. ते मूल म्हणजे सिद्दीक, अफताबचे वडील. मोठे झाल्यावर दौंडला रेल्वेत लागले, आणि गिरणी सुटल्यावर आईला इथं घेऊन आले. "सिद्दीक कायद्याचा पोरगा," दादी बोळक्या तोंडानं हसत म्हणाली होती. साखरबाई मात्र तेव्हा गिरणीत नव्हती. जास्त बोलते म्हणून तिला कधीच काढून टाकलं होतं. बार्शीला गेली म्हणतात. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं, ती सुट्टी तिच्या काही कामाची नव्हती. दादीला ती पुन्हा भेटली नाही. दादी रोज दुआ मागताना शेवटी जरा थांबायची, ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. इतक्या वर्षांत शायनानं ते पाहिलं होतं आणि वाटलं होतं, म्हातारपणी दम लागतो. त्या आठवड्यात तिला कळलं, तिथं एक नाव असायचं.

रात्री कुशीवर वळताना शायनानं शेजारी झोपलेल्या अफताबकडं पाहिलं होतं, भिंतीशी पाय वर करून झोपलेल्या दोन्ही पोरांकडं पाहिलं होतं. एका अनोळखी विधवेच्या सुजलेल्या पायांवर हे घर उभं आहे, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि तिला भीती वाटली, आणि मग भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं, ऊन ऊन, दूध उतू येतं तसं. कुणाला तरी काहीतरी म्हणायचं होतं. कुणाला, ते कळत नव्हतं.

"नाव सांगता का?" टेबलामागचा एक माणूस म्हणाला. अफताबनं सकाळी बजावलं होतं, बोल, खुशाल बोल, पण नाव सांगू नको. शायनाला दाराशी बसलेला तो हेल्मेटवाला पाठीत जाणवत होता, जसं ऊन जाणवतं. "शायना अफताब शेख," ती म्हणाली. आणि मग पूनमचं सांगितलं. घोकलेली वाक्यं आली नाहीत, दुसरीच आली. खोकं उचलताना पूनम श्वास कसा धरते ते सांगितलं. मुतायला जायचं तरी सुपरवायझरला विचारावं लागतं, आणि ते विचारायची लाज वाटते म्हणून पोटुशी बाई पाणीच पीत नाही, हे सांगितलं. मागं बायकांच्यात चुळबूळ झाली. कुणीतरी हळूच "व्हय, खरंय" म्हणालं. समितीतल्या बाई लिहीत होत्या.

"असा कायदा आहे, हे माहीत आहे का तुम्हाला?" बाईंनी मान वर करून विचारलं. "कंत्राटी असलात तरी आहे. आणि नवा नाही. आपल्याकडं मुंबई इलाख्यात एकोणतीस साली पहिल्यांदा झाला, सत्तर वर्षं झाली त्याला."

"माहीत आहे," शायना म्हणाली. "आमच्या दादीनं मागितला होता."

बाईंनी पेन उचलून तिच्याकडं पाहिलं. शायनाला वाटलं, त्यांना ते खोटं वाटलं असेल. ठेकेदाराचा माणूस हसल्याचा आवाज आला, नाकातून, बारीक. तिची जीभ टाळ्याला चिकटू लागली. आता कुणी मागून उठून येईल का? कुणी आलं नाही. आणि कुणी येणार नाही हे कळल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. जिनं उठून यायचं ती कधीच येऊन गेली होती, सोलापुरात.

"तुमचं मागणं काय आहे?" बाईंनी विचारलं, अगदी हळू.

"नवीन काही मागणं नाही," शायना म्हणाली. "आमच्या आधीच्या बायकांनी मागून घेतलं होतं. त्यांना मिळालंही होतं. मधे कुठंतरी हरवलं. तेवढं शोधून द्या."

बाईंनी ते लिहून घेतलं. शेवटपर्यंत लिहिलं, मग तिच्याकडं पाहून मान हलवली. शायना उठली तेव्हा मागची सिंधूबाई, जी लायनीवर कधी कुणाशी बोलायची नाही, आपणहून पुढं आली आणि म्हणाली, "मला बी सांगायचंय."

घरी आल्यावर दादीच्या खाटेशी बसून शायनानं सगळं सांगितलं. दादीनं डोळे मिटले होते. ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "कुणी हसलं का?"

"हसला एक."

"हसू दे. लिवून घेतलं ना?"

"घेतलं."

"मग झालं," दादी म्हणाली, आणि चाचपडत शायनाचा हात शोधून तो आपल्या गालाशी धरला. त्या हाताला औषधाचा वास येत असणार. दादीनं तो बराच वेळ सोडला नाही.

त्यानंतरचे दिवस बरे नव्हते. शायनाला लायनीवरून काढून ड्रम धुवायला लावलं. तिथला वास डोक्यात बसायचा, बोटांची सालं निघाली, आणि संध्याकाळी बसमध्ये खिडकीशी बसून ती फिरंगाईच्या डोंगराकडं बघत राहायची, कारण आत पाहिलं की मळमळायचं. अफताब एकदाच म्हणाला, "तुला सांगितलं होतं." मग तिच्या हाताला खोबरेल तेल लावून देत बसला. पूनम तिच्याकडं पाहून रडायची. पण राजीनामा तिनं लिहून दिला नाही. सुपरवायझर रोज विचारायचा, ती रोज म्हणायची, उद्या देते. एवढं धाडस तिच्यात कुठून आलं, तिलाच माहीत. सिंधूबाई ड्रमच्या शेडकडं डबा घेऊन यायला लागली, काही न बोलता शेजारी बसायची, आपल्यातली चटणी काढून द्यायची. मग पुण्याहून अधिकारी आले. एकदा आले, पुन्हा आले. ऑफिसात काय बोलणं झालं ते बायकांना कळलं नाही. कळलं ते एवढंच की नोटीस बोर्डावर मराठीत एक कागद लागला, कंत्राटी बायकांनाही बाळंतपणाची रजा मिळेल, आणि शायनाला परत लायनीवर बोलावलं. कारखाना काही एका दिवसात बदलला नाही. सुपरवायझर तोच होता, मुतायला जायला अजून विचारावंच लागायचं. पण पूनम रजेवर गेली, भर शिफ्टमध्ये, उजेडात, चालत गेटबाहेर गेली. आणि गेटवरच्या वॉचमननं तिला रिक्षा थांबवून दिली.

दादी त्याच थंडीत गेली. झोपेतच. शेवटच्या दिवसांत ती सोलापूरच्याच रस्त्यांवर फिरत होती, मराठीत. शायना जवळ बसून हो हो म्हणायची. एकदा दादीनं विचारलं, "ती पोरगी गेली का घरी?" कुठली पोरगी, ते शायनानं विचारलं नाही. "गेली," ती म्हणाली. "जागा ऱ्हायली?" "राहिली." दादीचा चेहरा असा सुटला, जशी मुठीतली रेती सुटते. आता दुआ मागताना शायना शेवटी थांबायची. तिला दोन नावं घ्यावी लागायची.

फेब्रुवारीत लायनीवर पूनमच्या जागी एक नवी मुलगी आली, बिहारकडची, तात्पुरती. लग्न नुकतंच झालेलं, भांगात शेंदूर. कुणाशी बोलायला मिळत नाही म्हणून तोंड उतरलेलं असायचं. एका सकाळी गेटवर हजेरीचं कार्ड पंच करताना ती थबकली. फळीवर पूनमचं कार्ड तसंच लावलेलं होतं.

"दीदी, ये पूनम कौन है? कभी दिखी नहीं."

"छुट्टी पे है. बच्चा हुआ है उसको, लड़की. अगले महीने आएगी."

मुलगी कार्डाकडं पाहत राहिली. मग शायनाकडं. विचारू की नको असं तिचं चाललेलं दिसत होतं.

"छुट्टी किसने दी? बड़े साहब ने?"

मागून बायका येत होत्या, दुसऱ्या बसमधून उतरलेल्या, हातात डबे. सकाळचं ऊन पत्र्यावरून खाली आलं होतं. शायनानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला कळेना, कुणाचं नाव घ्यावं. साहेबांचं नाही. समितीतल्या बाईंचं नाव तिनं विचारलंच नव्हतं. मग तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं.

"साखरबाई ने."

"कौन साखरबाई?" मुलगी आत वाकून लायनीकडं बघू लागली. "कौनसे डिपार्टमेंट में है?"

शायनाला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत.

"वाइंडिंग में," ती म्हणाली.